मंगळवारी अकरा वाजता

एकदा एका शिक्षणसंस्थेत श्रीरंग नावाचा एक तरुण अभियंता कामाला लागला, आणि वर्षभरातच त्याचा असा ठाम समज झाला की संस्थेत जे काही आहे ते आपल्याला बसल्या जागी दिसते. समज अगदीच निराधार नव्हता. संस्थेची संगणक शिकवणारी एकशे बारा केंद्रे होती. काही शहरात, काही डोंगरात, काही खाडीच्या काठी. त्या सर्वांतले आणि मुख्य कचेरीतले मिळून एकोणीसशे संगणक एकाच जाळ्यात जोडलेले होते आणि प्रत्येकात श्रीरंगने एक छोटा प्रोग्राम बसवला होता. ठरल्या वेळी तो प्रोग्राम मुख्य कचेरीतल्या सर्व्हरला कळवीत असे की मी अमुक क्रमांकाचा संगणक, तमुक केंद्रात आहे, चालू आहे. शाळेत गुरुजी हजेरी घेतात आणि मुले एकामागून एक 'हजर' म्हणतात, तसाच हा प्रकार. या हजेरीतून संगणकांची यादी तयार होई. पूर्वी ही यादी करायला दोन माणसे तीन महिने एसटीने हिंडत. आता ती एका सकाळी होऊ लागली, म्हणून श्रीरंगचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

पूर्वी हिंडणाऱ्या त्या दोघांपैकी एक म्हणजे अण्णा. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. पण संस्थेने त्यांना सोडले नव्हते की त्यांनी संस्थेला, हे कोणालाच नीट सांगता येत नसे. सल्लागार म्हणून ते रोज येत. सहीचा अधिकार नव्हता. एक टेबल, एक संगणक आणि श्रीरंगला काम शिकवण्याची जबाबदारी, एवढेच त्यांच्या वाट्याला उरले होते. श्रीरंग त्यांना गुरूच्या ठिकाणी मानी, त्यांच्या आधी कधी जेवायला बसत नसे. मात्र अलीकडे तो मनातल्या मनात म्हणू लागला होता की अण्णांकडून शिकण्यासारखे होते ते शिकून झाले.

यादीचा एक नियम होता. जो संगणक सलग चार हजेऱ्यांना उत्तर देणार नाही, त्याच्यापुढे 'निष्क्रिय' असा शेरा आपोआप पडे. वर्षातून दोनदा अशा संगणकांचे पान निघे, श्रीरंग त्यावर सही करी, आणि भांडारपाल टिपणीस गाडी पाठवून ते संगणक परत आणीत. हेतू चांगला होता. एका ठिकाणी धूळ खात पडलेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी कोणाच्या तरी कामी यावी, एवढाच. दिवाळीच्या आधी पहिले पान निघाले तेव्हा बावीस संगणक परत आले होते. वार्षिक सभेत ही गोष्ट सांगितली गेली तेव्हा टाळ्या पडल्या. अण्णांनीही वाजवल्या.

दुसरे पान होळीनंतर निघायचे होते. या वेळी श्रीरंगने एक सुधारणा केली. संगणक न्यायच्या महिनाभर आधी त्या त्या केंद्राला सूचनेचे पत्र जाईल अशी व्यवस्था त्याने लावली. अशी सूचना डोंगरातल्या एका नव्या केंद्राला गेली. संक्रांतीच्या सुमारास सुरू झालेले हे केंद्र सुलभा गावित नावाच्या बाई चालवत होत्या. तिथले पंधराच्या पंधरा संगणक एकाही हजेरीला हजर नव्हते. आठ दिवसांत गावितबाईंचे उत्तर आले. केंद्राच्या छापील कागदावर, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले होते की आमचे सर्व संगणक रोज चालू असतात. एकतीस मुली संगणक टंकलेखनाच्या परीक्षेला बसणार आहेत. आसपासच्या पाड्यांवरून तासतासभर चालत येतात. परीक्षा पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे, आणि संगणक गेले तर सरावाला दुसरी जागा नाही.

श्रीरंगने ते पत्र अण्णांच्या टेबलावर ठेवले. तो निष्काळजी माणूस नव्हता. यादीचे काम निघाले की तो या केंद्राची तपासणी करून घेत होता, आणि अशी तीन वेळा केली होती. कधी प्रोग्राम अडकून बसतो, कधी लाइन पडते, कधी विषाणू रोखणारी व्यवस्था आपल्याच प्रोग्रामला चोर समजून दारात अडवते. यांपैकी काहीच नव्हते. सर्व्हर ठीक होता, केंद्रापर्यंत लाइन येत होती, शेजारच्या तालुक्यातली केंद्रे वेळेवर उत्तर देत होती. फक्त हे पंधरा गप्प होते.

"संगणक बंद असतात, अण्णा. दुसरं काही नाही," तो म्हणाला. "आणि ज्यांचे संगणक बंद असतात ते सगळे असंच पत्र लिहितात. वस्तू हातची जाऊ नये असं कोणालाही वाटणारच."

अण्णांनी पत्र सावकाश वाचले. मग पहिल्यापासून पुन्हा वाचले, केंद्राच्या छापील मथळ्यासकट. श्रीरंगला वाटले, आता ते काही सुचवतील. पण त्यांनी पत्राची घडी घातली आणि निराळेच काही बोलले. ते म्हणाले, येत्या मंगळवारी पावणेअकराला माझ्याबरोबर बाहेर चल, आणि निघताना तुझा संगणक बंद करून ये.

कचेरीच्या मागे एक शेवग्याचे झाड होते आणि त्याखाली सिमेंटचा बाक. मंगळवारी ठरल्या वेळी अण्णांनी आधी स्वतःचा संगणक बंद केला, मग श्रीरंगचा बंद झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्याला घेऊन ते त्या बाकावर जाऊन बसले. श्रीरंग वाट पाहत राहिला. अण्णा झाडाकडे पाहत राहिले. साडेअकरा वाजले तसे ते उठले, धोतराला लागलेली पाने झटकली आणि "चल" म्हणाले. एवढाच त्या दिवशीचा पाठ.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. श्रीरंगने नम्रपणे सांगून पाहिले की मंगळवारी अकराला सर्व केंद्रांची हजेरी असते, तेव्हा आपण जागेवर असलेले बरे. अण्णा म्हणाले की ती आपोआप होते असे तूच सभेत सांगितलेस. श्रीरंगने संगणक बंद केला. त्या दिवशी अण्णांनी त्याला एक जुनी हकीकत सांगितली, एसटीत विसरलेली संगणकांची वही कंडक्टरने तीन डेपो ओलांडून कशी परत पोचवली त्याची. हकीकत गोड होती, पण श्रीरंगचे लक्ष मनगटावरच्या घड्याळात होते.

तिसऱ्या मंगळवारी कचेरीत कुजबूज सुरू झाली. टिपणीस हे थट्टेखोर गृहस्थ. ते म्हणाले, अण्णांनी मंगळवारचे व्रत धरलेले दिसते आणि उपास मात्र श्रीरंगला घडतो आहे. चौथ्या मंगळवारी श्रीरंगच्या हातात तातडीचे काम होते. तो म्हणाला, आज नको. तेव्हा अण्णा, जे कधी आवाज चढवीत नसत, थोडे कठोर झाले. ते म्हणाले, गुरू म्हणून मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेले नाही, आज पाऊण तास मागतो आहे. श्रीरंगने ओठ घट्ट मिटले, संगणक बंद केला आणि त्यांच्यामागून चालू लागला. म्हातारपणी माणसे हट्टी होतात, असा विचार त्याच्या मनात आला आणि तसा विचार आल्याबद्दल त्याला वाईटही वाटले.

त्याच आठवड्यात निष्क्रिय संगणकांचे पान निघाले. त्यात गावितबाईंच्या केंद्राचे पंधरा आकडे होते, आणखीही काही होते. आकडेच आकडे, कोणता संगणक कोणाचा ते पानावरून कळत नसे, आणि कळावे असे आजवर कोणाला वाटले नव्हते. श्रीरंगने पानावर नजर फिरवली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, टिपणीस दोन हमाल आणि एक ढकलगाडी घेऊन त्याच्या खोलीत आले. उद्या सकाळी गाडी डोंगराकडे निघणार होती. त्याआधी कचेरीतले दोन संगणक उचलून टाकू, असा त्यांचा हिशेब होता. हातातल्या कागदावरचा आकडा त्यांनी श्रीरंगच्या संगणकावर चिकटवलेल्या पट्टीशी ताडून पाहिला, आणि हमालाला म्हणाले, "हा पहिला. वायरी जपून काढ."

श्रीरंग लिहीत होता. त्याने वर पाहिले. काहीतरी घोटाळा झाला आहे, हा माझा संगणक आहे, असे तो म्हणाला. टिपणिसांनी कागद त्याच्यापुढे धरला.

"संगणक निष्क्रिय आहे साहेब. सलग चार हजेऱ्या गैरहजर. खाली सही तुमचीच आहे."

"अहो, मी रोज दहा तास याच्यावर काम करतो. आत्ताही करतोय. कोणालाही विचारा."

"ते मला नका सांगू," टिपणीस शांतपणे म्हणाले. "सगळे असंच म्हणतात. मी कागद बघतो."

हे शब्द श्रीरंगने कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते आठवायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण ते जवळजवळ त्याचेच होते. त्याने अण्णांच्या टेबलाकडे पाहिले. दुसरा हमाल अण्णांच्या संगणकाच्या वायरी काढीत होता, आणि अण्णा त्याला खालची वायर नीट सुटावी म्हणून स्वतः वाकून मदत करीत होते. श्रीरंगने कागद पुन्हा वाचला. मग शेवग्याच्या झाडाखालचे ते चार मंगळवार त्याच्यापुढे उभे राहिले, आणि तो खुर्चीत मागे टेकून बसला. चेहरा उतरला होता.

अण्णांनी टिपणिसांना दहा मिनिटे थांबायची विनंती केली. मग ते श्रीरंगच्या समोर येऊन बसले.

"यादी खोटं बोलली नाही, श्रीरंग," ते म्हणाले. "तिनं एवढंच सांगितलं, की मी मंगळवारी अकरा वाजता हाक मारली तेव्हा ओ आली नाही. इतकंच तिला ठाऊक होतं. तिच्यापुढे 'निष्क्रिय' हा शब्द आपण लिहिला. तू दहा तास काम करतोस हे खरं, आणि यादीत तू नाहीस हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे तुला आज कळलं कारण आज ढकलगाडी तुझ्या दारात आली. गावितबाईंच्या कागदाच्या माथ्यावर छापलेलं आहे, केंद्राची साप्ताहिक सुट्टी मंगळवार. त्या भागात मंगळवारी आठवड्याचा बाजार भरतो. त्या दिवशी पाड्यावर चिटपाखरू नसतं, सगळे बाजाराला जातात. रविवारी मात्र त्यांचा वर्ग भरलेला असतो. तू तीन वेळा तपासलंस म्हणतोस. आठव, तिन्ही वेळा वार कोणता होता?"

श्रीरंगला आठवावे लागले नाही. यादीचे काम मंगळवारचे. म्हणून तपासणीही तो मंगळवारीच करी. बाकीचे दिवस दुसऱ्या कामांना वाटून दिलेले होते.

आणखीही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि ती अण्णांनी सांगितली नव्हती. जो संगणक हजेरीच्या वेळी बंद असेल त्याने नंतर चालू होताच आपली हजेरी लावावी, अशी सोय त्या प्रोग्राममध्ये मुळात होती. ती श्रीरंगने स्वतः बंद केली होती. रोज सकाळी सगळी केंद्रे एकदम उघडत, सगळे संगणक एकदम बोलू लागत आणि लाइन तुंबे. तक्रारी येत. त्यावर त्याने उपाय काढला, की मंगळवारी अकराला एकदाच विचारायचे आणि मागाहून आलेले काही ऐकायचे नाही. त्या दिवशी हा उपाय त्याला फार सुटसुटीत वाटला होता.

थोड्या वेळाने त्याने विचारले, की पत्र आले त्याच दिवशी तुम्हाला हे कळले होते, तर त्याच दिवशी का सांगितले नाही.

अण्णा म्हणाले, "सांगितलं असतं तर तू पंधरा आकड्यांपुढचा शेरा खोडला असतास आणि पुढच्या कामाला लागला असतास. शेरा मारणारा हात तसाच राहिला असता. आणि सांगितलं नव्हतं असं तरी कुठे आहे? बाईंनी तुला स्वच्छ मराठीत सांगितलंच होतं."

इथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, की शिष्याला शहाणे करण्यासाठी एकतीस मुलींना महिनाभर टांगणीला लावणे हे कोणत्या गुरूला शोभते? ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा मलाही हाच राग आला होता, आणि सांगणाऱ्याला मी तसे बोलूनही दाखवले. मग कळले की पत्र आले त्याच दुपारी अण्णांनी गावितबाईंना फोन केला होता. सराव एक दिवसही थांबवू नका, संगणक जाणार नाहीत, गाडी निघाली तर मी तिच्या आडवा पडेन, असे त्यांनी सांगितले होते. सत्तरीकडे झुकलेला, सहीचा अधिकार नसलेला माणूस याहून काय देऊ शकतो? बाईंनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. मुलींना तर त्यांनी सूचनेचे पत्र आल्याचेही कळू दिले नाही. तेव्हा माझा राग बराचसा ओसरला.

श्रीरंगने टिपणिसांच्या हातातला कागद मागून घेतला आणि सहीवर आडवी रेघ मारली. टिपणिसांनी हमालांना वायरी परत जोडायला सांगितल्या, आणि जाता जाता अण्णांकडे पाहून म्हणाले की व्रताचे उद्यापन झाले म्हणायचे. मग श्रीरंग कामाला बसला. बंद केलेली सोय त्याने पुन्हा चालू केली. जो संगणक जेव्हा जागा होईल तेव्हा त्याने आपली हजेरी लावावी. आणि लाइन तुंबू नये म्हणून प्रत्येकाने उठल्याबरोबर न बोलता, आपापल्या वाट्याला आलेली थोडी मिनिटे थांबून बोलावे, असे त्याने ठरवून दिले. उपाय अवघड नव्हता. वर्षापूर्वीही सुचला असता, फक्त तेव्हा कोणत्या केंद्रात कधी दिवा लागतो हा प्रश्न त्याला पडला नव्हता. शेवटी त्याने यादीतला तो 'निष्क्रिय' शब्द काढला. त्या जागी काय लिहावे याचा त्याने बराच विचार केला आणि लिहिले, 'अद्याप भेट झाली नाही'.

दुपारी दोनच्या सुमारास डोंगरातल्या केंद्रातला पहिला संगणक यादीत उमटला. मग दुसरा. मग पाठोपाठ चार. सव्वादोनपर्यंत पंधराही जण हजर झाले होते. श्रीरंगने त्याच क्षणी फोन लावला. गावितबाई वर्गात होत्या. मागे कळफलकांचा एकसारखा आवाज येत होता, पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा. त्याने त्यांची क्षमा मागितली. बाई संकोचल्या. त्या म्हणाल्या, "असू द्या सर. आम्हीच बाजाराचं पत्रात लिहायला हवं होतं. इथं ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सुचलंच नाही." मग त्यांनी एका संगणकाचा पडदा मधूनमधून थरथरतो, तेवढे बघता येईल का, असे विचारून घेतले. श्रीरंगला फार बरे वाटले. कामाची तक्रार ऐकून इतके बरे वाटण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, आणि पुष्कळ जण ती इथेच संपवतात. पण त्या दिवशी साडेचार वाजता, चहाचा कप हातात असताना, श्रीरंग मध्येच थांबला. कप त्याने तसाच खाली ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "दिवाळीच्या आधी आपण बावीस संगणक आणले. ते कोणत्या वारी विचारून आणले होते?"

अण्णांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. ते म्हणाले, "हा प्रश्न तुझ्या तोंडून यावा म्हणून मी दुपारपासून इथे बसून आहे. मी तुला तो विचारू शकत नव्हतो. त्या सभेत मीही टाळ्या वाजवल्या होत्या. हिंडून यादी करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि तरी मी एकदाही विचारलं नाही, की हे बावीस कोणी जाऊन पाहिले का. तुझी चूक मला या पत्रानं दिसली. माझी त्याच वेळी दिसली."

दिवाळीच्या आधीचे ते पान त्यांनी शोधून काढले. टेबलाच्या एका बाजूला गुरू आणि दुसऱ्या बाजूला शिष्य बसले आणि दोघांनी मिळून केंद्रांना फोन केले. बावीसपैकी चौदा संगणक खरोखरच बिघडून कापडाखाली पडलेले होते. ते नेल्याबद्दल केंद्रांनी आभारच मानले होते. उरलेले आठ एकाच ठिकाणचे होते. ते यंत्रमागांच्या गावातले केंद्र. तिथे शिकायला येणारे सगळे मागावर काम करणारे. दिवसाची पाळी सुटल्यावर, संध्याकाळी सहाला वर्ग सुरू व्हायचा. सकाळी अकरा वाजता त्या केंद्राला कुलूप असे, आठवड्याचे सातही दिवस. तेव्हा सूचनेचे पत्र पाठवण्याची पद्धत नव्हती. गाडी गेली होती आणि आठ संगणक घेऊन आली होती.

गुरुवारी सकाळी टिपणिसांची गाडी ठरल्याप्रमाणे निघाली, फक्त दिशा बदलली होती. मागे भांडारातले आठ संगणक होते आणि पुढे, चालकाशेजारी, श्रीरंग. अण्णांना त्याने बरोबर यायचा आग्रह केला. ते आले नाहीत. तिथे तू एकट्यानेच गेले पाहिजेस, एवढेच म्हणाले, आणि फाटकापर्यंत पोचवायला मात्र आले.

गाव आले तेव्हा संध्याकाळ होत होती. मागांची खडखड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. केंद्र एका लांबट खोलीत होते आणि ते चालवणारे युसूफभाई मोमीन दारातच उभे होते. साठीच्या घरातले, पांढऱ्या दाढीचे, स्वतः तीस वर्षे मागावर काढलेले गृहस्थ. आत आठ टेबले भिंतीला लागून ओळीने मांडलेली होती, पुसून स्वच्छ केलेली, आणि त्यांच्यापुढे आठ खुर्च्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळा होता. संगणक गेल्यावर युसूफभाईंनी वर्ग बंद केला नव्हता. पोरे दमूनभागून येतात, त्यांना परत कसे पाठवायचे, म्हणून ते फळ्यावर इंग्रजी शिकवीत होते, जेवढे त्यांना स्वतःला येत होते तेवढे.

संगणक उतरवून झाले. वायरी जोडायला पाळीवरून आलेली पाचसहा मुले लागली, केसांत अजून कापसाचे तंतू अडकलेले. श्रीरंगने वाटेत क्षमेची वाक्ये जुळवून ठेवली होती. ती आता त्याला पोकळ वाटली. शेवटी त्याने सरळ विचारले, की पाच महिने झाले, तुमचे चालते संगणक आम्ही उचलून नेले, तुम्ही एका शब्दाने तक्रार का केली नाही?

युसूफभाईंना या प्रश्नाचेच नवल वाटले.

"तक्रार कशाची करायची साहेब?" ते म्हणाले. "एवढी मोठी संस्था. आम्हाला वाटलं, तुम्ही बघूनच नेले असतील. कुणाला आमच्याहून जास्त गरज असेल."

खोलीत एकेक पडदा उजळू लागला होता. मुले खुर्च्या ओढून बसत होती.

"नव्हतं बघितलं, युसूफभाई," तो म्हणाला. "आता आलोय बघायला."

युसूफभाईंनी कोपऱ्यातली एक खुर्ची आणून त्याच्यासाठी मुलांच्या मागे ठेवली, आणि तो वर्ग सुटेपर्यंत तिथे बसून राहिला.